जावयाचा खोकला

आई गेली त्या हिवाळ्यात धरणगावात घरोघरी ताप होता. अंग मोडायचं, मग खोकला. तरणे लोक आठवड्याभरात उठले. आई उठली नाही. मी तेव्हा जळगावला कॉलेजात शिकत होतो.

ताप आणला कोणी, यावर गावाचं एकमत नव्हतं. कोणी धुळ्याच्या एसटीकडे बोट दाखवी, कोणी कापसाच्या व्यापाऱ्यांकडे. नानांची, म्हणजे वडिलांची मात्र खात्री होती. अक्काचे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, यजमान मुंबईच्या कापड गिरणीत होते. ते दोघं चार दिवसांसाठी येऊन गेले, जावई सारखे खोकत होते आणि ते गेल्यावर लगेच आईनं अंथरूण धरलं. "हाई बठ्ठं मुंबईनं शे," नाना म्हणायचे; सगळं मुंबईहून आलेलं. जावयांनी पाणी प्यायलेला तांब्या त्यांनी माळ्यावर टाकला. आईच्या मयतीला जावई आले, तेव्हा नाना त्यांच्यापासून दूर, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसले.

जळगावच्या वाचनालयात मी परदेशांतल्या साथीच्या बातम्या वाचायचो. तिथेही प्रत्येक देश शेजाऱ्याकडे संशयानं बघत होता. एका बातमीत लिहिलं होतं की थंड मुलखात लोक दारं-खिडक्या लावून एकत्र बसतात, म्हणून तिकडे साथ हिवाळ्यात पसरते. मला ते आपल्याला लागू वाटेना. आमच्याकडे हिवाळ्यात सगळं गाव उन्हात बसलेलं असतं. दार लावून आम्ही कधी बसतो?

मग आठवलं. मयताच्या घरी.

माणूस जिथे गेलं तिथे दिवा ठेवतात. तो वाऱ्यानं विझू नये म्हणून खोलीची दारं-खिडक्या लावून घेतात. दारावर, म्हणजे सांत्वनाला, आलेली बाई आत बसलेल्या प्रत्येकीच्या गळ्यात पडून रडते. गालाला गाल लागतो, एकीचे डोळे दुसरीच्या पदराला पुसले जातात. आमच्या मागच्या गल्लीत एक म्हातारी याच तापानं गेली होती. जावई यायच्या आधी आई तिथे रोज जाऊन बसत होती.

मी हे नानांना सांगितलं. ते सुपारी कातरायला लागले.

"दारवर जानं बी आते गुन्हा शे का?"

"गुन्हा नाही म्हणत मी, नाना. ताप कुठून आला ते सांगतोय."

"कालेजमा हाईच शिकाडतस का?"

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. आमच्याकडे आखाजीला लेक माहेरी येते. तिला आणायला भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणतात. त्या वर्षी तर आईच्या नावाची घागर भरायची होती. नाना मुराळी पाठवायला तयार नव्हते. शेवटी म्हणाले, "एकलीच ये म्हना."

अक्का एकटीच आली. घागर भरून झाली. पुरणपोळी वाढताना नानांनी तिला विचारलं, "खोकला गया का त्याना?"

"तो कसला जातो, नाना. गिरणीतल्या कापसाच्या धुळीचा खोकला आहे. सगळ्या खात्याला आहे."

"आनि तुले?"

"माझं लग्न झाल्यापासून रोज त्यांच्या शेजारी आहे मी. मला लागला का?"

नानांनी हातातला घास ताटात ठेवला. "मंग तुनी माय कशी गयी?"

अक्कानं माझ्याकडे बघितलं. उत्तर माझ्याकडे होतं. पण आई गेल्यावर अक्काही याच घरात, दिव्याजवळ, बंद खोलीत बसली होती. येणाऱ्या प्रत्येक बाईच्या गळ्यात पडली होती. त्यानंतर शेजारची काकू आजारी पडली होती. अक्काच्या तोंडावर ते बोलायचं म्हणजे दोष द्यायला नानांच्या हाती नवं माणूस द्यायचं. मी पोळी मोडत राहिलो.

लेकी आखाजीला चांगल्या महिनाभर राहतात. अक्का दुसऱ्याच दिवशी निघाली. नानांनी तिला थांब म्हटलं नाही. पुढच्या आखाजीआधी तिनं स्वतःच कळवलं, मुराळी पाठवू नका.