साठच्या वर नाही

नवीन गाडी घेतली माझ्या पगारातून, पण तिची धास्ती घेतली बाबांनी. पहिले हजार किलोमीटर साठच्या वर न्यायची नाही, असं गाडीबरोबरच्या पुस्तिकेत छापलं होतं. बाबांनी ते पान पाठच केलं. अंबरनाथच्या कारखान्यात तीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस. तरुणपणी त्यांनी एक कोरं मशीन पहिल्याच दिवशी जोरात चालवलं आणि बेअरिंग जाळलं. साहेबांनी सगळ्यांदेखत झापलं. तेव्हापासून ते ताकही फुंकून पीत.

"नव्या इंजिनाचे पार्ट आधी एकमेकांना ओळखू देत," ते म्हणायचे.

ती ओळख व्हावी म्हणून दर रविवारी सकाळी आम्ही दोघं बदलापूरहून बारवी धरणापर्यंत जायचो आणि परत यायचो. मी रस्त्याकडे बघायचो, बाबा काट्याकडे. काटा साठला टेकला की त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर यायचा. मला जाम राग यायचा. यापेक्षा बैलगाडी घेतली असती, असं एकदा बोलूनही गेलो.

सातशे-एक किलोमीटर झाले असतील. धरणावरून परतताना बाबा अचानक गप्प झाले. पाहिलं तर शर्ट घामानं चिंब आणि हात छातीशी.

"काय होतंय, बाबा?"

"पित्त झालंय. धरणावरच सुरू झालं. तू हळू चल."

पित्त नव्हतं ते. बदलापुरातला आमचा डॉक्टर रविवारी बसत नसे. मोठं हॉस्पिटल थेट उल्हासनगरला, अंबरनाथच्याही पुढे. मी अॅक्सिलरेटर दाबला. इंजिनाचा आवाज असा चढला की वाटलं, आता हेही जळणार.

"साठ!" माझ्या गुडघ्यावर हात ठेवत बाबा म्हणाले. मी ऐंशीवर नेली. "अरे, साठ सांगितलंय ना..."

मग त्यांचा आवाज बंद झाला. गुडघ्यावरचा हातही सरकून खाली गेला. आता हे गेले, असं मनात आलं आणि शेजारी बघायची माझी हिंमतच होईना. हॉर्नवरचा हात न काढता मी बडबडत राहिलो, "आलंच बाबा, आलंच." अंबरनाथ कधी मागे पडलं, कळलं नाही. हॉस्पिटलच्या दारात वॉर्डबॉयने त्यांना स्ट्रेचरवर घेतलं, तेव्हा मला स्टीअरिंगवरून बोटं सोडवेनात.

तिसऱ्या दिवशी त्यांना भेटू दिलं. त्यांचा पहिला प्रश्न, "गाडी कितीवर नेलीस?"

"साठच्या वर नाही," मी ठोकून दिलं.

"नव्वद होती. मी काटा बघत होतो."

म्हणजे ते शुद्धीत होते. माझं डोकंच फिरलं. "मग बोलला का नाहीत? अडवलं का नाहीत?"

बाबांनी सलाईन लावलेल्या हातानं माझा हात घट्ट धरला.

"मरायचं नव्हतं रे मला."