पहिल्या फेरीची जागा

कुठल्याही गॅरेजात एक डबा असतोच. उरलेले नट, वायसर, वाकलेल्या पिना, सगळं त्यात जातं. कुणाच्या गाडीचं काय, हे आता कुणालाच ठाऊक नसतं, पण टाकवतही नाही. मग एक दिवस एखादा नट हवा म्हणून डबा उपडा करावा, तर हवा तो सापडत नाही आणि नको ते हाताला लागत राहतात.

माझ्या डोक्यातल्या गोष्टींचंही तसंच झालंय. परवा शेजाऱ्यांनी मोटार घेतली आणि मला विचारलं, "नाना, चांगला मिस्त्री ओळखायचा कसा?" मला धड सांगता येईना. शाळा माझी चौथीतच सुटलेली. म्हटलं, डबाच उपडा करतो. तुम्हीच काय ते निवडून घ्या.

*

साठ सालानंतरची गोष्ट. मी आटपाडीकडचा. तिकडं पाणी नाही आणि कामही नाही, म्हणून कराडला आलो आणि आण्णांच्या गॅरेजात इंजिनाच्या कामावर लागलो. आण्णा पलटणीत गाड्या दुरुस्त करून घरी परतलेले. बोलणं कमी. कोयनेच्या धरणाचं काम चाललेलं, त्यामुळं पाटणच्या रस्त्यानं ट्रक आणि जीपगाड्यांची रीघ असायची. पुढं कुंभार्ली घाट उतरून कोकणात जाणारे ट्रकही आमच्याकडंच थांबायचे.

आण्णांचा एक नियम होता. ज्यानं ब्रेकला हात लावला, त्यानं त्या गाडीच्या पहिल्या फेरीत ड्रायव्हरशेजारी बसायचं. गाडी घाट उतरणार असेल तर घाट उतरायचा. मग परत यायचं एसटीनं, नाहीतर मिळेल त्या वाहनानं.

नियम आण्णांनाही होता. एकदा लोणंदच्या बाजाराला निघालेल्या ट्रकचे ब्रेक त्यांनी स्वतः केले. ट्रकमध्ये बकऱ्या, आणि पुढं केबिनमध्ये व्यापाऱ्याचे पाहुणे गच्च बसलेले. ड्रायव्हर म्हणाला, "आण्णा, ऱ्हाऊ द्या आता. जागा न्हाई." आण्णा मागं चढले आणि बकऱ्यांत बसून लोणंदला गेले.

संध्याकाळी घरी आले तर वहिनींनी दारातच अडवलं. "आदी आंघूळ. मग तुमचा नियम सांगा!"

*

आता शंकर. आमच्यात सगळ्यात हुशार आणि सगळ्यात घाईचा. शीळ घालत काम करायचा. मी एक चाक खोलेपर्यंत त्याची दोन बसवून व्हायची. गिऱ्हाईक खूश. पण शंकरचं काम झालं की खाली दोनचार नट उरायचेच.

एकदा एका जीपचे ब्रेक त्यानं केले, तेव्हा मी विचारलं, हे कुठले रं? तर म्हणाला, "बनवणाऱ्यानं जास्तीचं लावल्यात, नाना. आपुन गाडी हलकी केली."

आण्णांनी ते ऐकलं. रागावले नाहीत. खाली पडलेले नट उचलले, फडक्यानं पुसले, शंकरच्या सदऱ्याच्या खिशात घातले आणि म्हणाले, "जीप घाटात निघालीया. बस जा पुढं."

शंकर बसला. ड्रायव्हरनं जीप सुरू केली. नाक्यापर्यंत पण गेली नसेल, परत आली. शंकर खाली उतरला आणि कुणाकडं न बघता म्हणाला,

"नाना, पाना कुठं ठेवलाय?"

*

मध्येच एक सांगलीचं आठवलं. तिथले एक हळदीचे व्यापारी मोटार घेऊन आले. मागून खडखड आवाज यायचा. दुसरीकडं त्यांना सांगितलं होतं की इंजिन उतरवावं लागेल. शेठ अगदी खचून गेलेले. आण्णांनी मोटार एकदा पुढं नेली, एकदा मागं आणली, मग मागची बैठक उचलली आणि खालून पितळी डब्याचं झाकण काढलं.

शेठ झाकणाकडं बघतच राहिले. मला वाटलं आनंद झाला. पण त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "आवं, ह्या झाकणावरनं घरात सूनबाई बोलणी खातीया. म्हायेरी पोचवलं म्हणून."

आण्णा म्हणाले, "मग आता सावकाश न्हिऊ नका."

शेठनी झाकण पुढं आपल्याशेजारी ठेवलं आणि अशी मोटार पिटाळली की बस्स.

*

शंकरला वाटायचं, नियम ब्रेकपुरता आहे. ब्रेक तो आता जपून करायचा. बाकीच्या कामाला तीच शीळ.

बाबू म्हणून एक ड्रायव्हर होता. गुळाचा ट्रक चालवायचा. एक दिवस त्याच्या मागच्या चाकाचं काम शंकरनं केलं. नट हातानं फिरवले, पान्यानं आवळायचे तेवढे राहिले, कारण चहा आला. मग बाबूला वाटलं झालं काम, आणि तो निघून गेला.

पाटणच्या अलीकडं बाबूला दिसलं की एक चाक त्याच्या ट्रकच्या पुढं पळतंय. तो म्हणायचा, मी मनात म्हटलं, कुण्या येड्याचं चाक निघालंय बघा! तेवढ्यात ट्रक बसला.

चाक उसात शिरलं. कुणाला काही झालं नाही. आम्ही पुढं किती तरी दिवस हसत होतो, पण बाबू हसला नाही. गॅरेजात येऊन सगळ्यांदेखत म्हणाला, "आण्णा, घाटात निघालं असतं तर माझी पोरं कुणाच्या दारात गेली असती? ह्या हाताला माझी गाडी दावू नका."

ते सगळ्या नाक्यावर पसरलं. शंकरला कुणी गाडी देईना. दोन दिवस तो नुसता फडकी धूत बसला. तिसऱ्या दिवशी कपड्यांचं गाठोडं बांधून आला आणि म्हणाला, मी जातो. घरी आई आणि बायको, दोघी त्याच्यावरच. हे गॅरेज सुटलं असतं तर त्या रस्त्यावर त्याला दुसरं कुणी उभं केलं नसतं.

आण्णांनी गाठोडं घेतलं आणि खुंटीला अडकवलं. म्हणाले, "आजपासनं तू नट जरी फिरवलास तरी गाडीत बसायचं."

*

मग शंकर बसू लागला. आज पाटण, उद्या विटा, परवा चिपळूण. कधी परतताना उसाच्या गाडीवर, कधी एसटीत उभा. त्याची बायको मला म्हणाली, "नाना, ह्यांस्नी मिस्त्री म्हनायचं का क्लीनर?"

पण शीळ बंद झाली. काम इतकं सावकाश होऊ लागलं की गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली. एकजण म्हणाला, लय येळ लावतोय गड्या तुजा शंकर. मी म्हटलं, तुमच्याबरोबर त्यालाच जायचंय!

*

एकदा आण्णा साताऱ्याला गेलेले. गॅरेजात मी आणि शंकर दोघंच. आणि नेमका बाबूचा ट्रक आला. ब्रेक धड लागत नाहीत, आणि माल कोकणात पोचवायचा. बाबू मला म्हणाला, नाना, तू कर. मी सांगितलं, माझा हात इंजिनाचा. ब्रेक मला येत नाहीत, उगीच हो म्हणणार नाही. करायचे तर शंकरनं.

बाबू लांब जाऊन पाठ करून बसला. शंकरनं चारी चाकं खोलली. ज्यांची तक्रार नव्हती ती पण खोलली. दुपार कलली. काम झालं आणि बाबू उठायच्या आत शंकर केबिनमध्ये जाऊन बसला.

बाबू म्हणाला, "उतर. माझा मी जाईन."

शंकर म्हणाला, "न्हाई."

दोघं गेले. दुसऱ्या दिवशी ट्रक परत आला. बाबूनं एक भला मोठा फणस काढला आणि शंकरच्या हत्यारांशेजारी ठेवला. मी हात लावायला गेलो तर म्हणाला,

"त्यो तुजा न्हवं, नाना."

*

पुढं आण्णांच्या मुलीचं लग्न ठरलं. स्थळ चिपळूणकडचं. वऱ्हाड बाबूच्या ट्रकमधून घाट उतरून जायचं. आदल्या दिवशी ब्रेक शंकरनं केले. दोनदा तपासले. सकाळी नवा सदरा, टोपी घालून तो केबिनपाशी उभा राहिला. नियमच होता.

मागं सगळी मंडळी बसली. नवरीला पुढं बसवली. मग आण्णा आपल्या म्हाताऱ्या आईला हाताला धरून घेऊन आले आणि म्हणाले,

"शंकर, तू मागनं येस्टीनं ये. इथं आई बसंल."

शंकर गोंधळला. "आण्णा, बिरेक मी केल्यात."

"ठावं हाय मला," आण्णा म्हणाले. "धर तिला. वर चढीव."

शंकरनं म्हातारीला उचलून केबिनमध्ये नातीशेजारी बसवलं. दार लावलं. ओढून बघितलं. परत ओढून बघितलं. बाबूनं ट्रक सुरू केला तरी त्याचा हात दारावरच.

म्हातारी वाकून म्हणाली, "आता सोड की रं, बाबा."