आधी वजन सांग

ताई नवीन माणसाला नाव विचारायच्या आधी वजन विचारत. जर्मनीत लुडविग्सहाफेनजवळच्या आइसहालेत, म्हणजे बर्फावरच्या खेळांच्या हॉलमध्ये, रविवारी सकाळी सात वाजता, मी कसाबसा बूट बांधत बसलो होतो. एक बुटकी, चष्मा लावलेली बाई खांद्यांचे पॅड चढवत माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि सरळ मराठीत म्हणाली, "वजन किती?" मी दचकून म्हणालो, "बहात्तर." तिने मला खालून वरपर्यंत पाहिलं. "हे लग्नातलं झालं. आजचं सांग." आणि खरोखर बॅगेतून बाथरूमचा काटा काढून तिने लाद्यांवर ठेवला. "चढ." काटा चौऱ्याऐंशीवर थांबला. सगळ्या ड्रेसिंगरूमसमोर माझी शोभा झाली, आणि ताईंची नि माझी ओळख झाली ती अशी.

वजन विचारायला कारण होतं. आमची टीम म्हणजे आइस हॉकी शिकणाऱ्या पोरांच्या आईबापांची टीम. आम्ही पाच मराठी, बाकी जर्मन. क्लबच्या अडगळीतल्या जुन्या लाकडी स्टिक घेऊन आम्ही सगळे शिकलो. लाकडी स्टिक अखंड असते, मोडली की गेली. नंतर जो तो कार्बनच्या स्टिकवर जायला निघाला. तिच्यात दांडा वेगळा आणि पातं वेगळं घ्यायचं, पातं मोडलं तर तेवढंच बदलायचं. दांड्यावर एक आकडा छापलेला असतो. आकडा जितका मोठा तितका दांडा ताठ. फटका मारताना दांडा आपल्या भाराने वाकला पाहिजे, तरच तो सुटताना जोर देतो. ताईंचं गणित सोपं होतं. किलोत जेवढं वजन, साधारण तेवढाच आकडा घ्यायचा, नवशिक्याने थोडा खालीच.

जर्मन मंडळी विचारल्याबरोबर वजन सांगत, तेही दशांश चिन्हासकट. आमचे पुण्यामुंबईचे गडी मात्र पोट आत ओढून दहा-बारा किलो खाल्लेच म्हणून समजा. वर गंमत अशी, की वजन कमी सांगायचं आणि दांडा मात्र शंभरचा मागायचा. आपल्या लोकांना आकडा दिसला की तो मोठाच हवा. ताई म्हणत, "अरे, मोबाइल घेतोयस का? माझ्याशी खोटं बोल, चालेल. दांड्याशी बोलून काय उपयोग? तो वाकणार नाही." मी हट्टाने पंच्याण्णवचा घेतला होता. दोन महिने माझा पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, गोलकीपरपर्यंत घरंगळत जायचा आणि गोली तो कौतुकाने उचलून परत द्यायचा. शेवटी मुकाट्याने ऐंशीचा आणला.

ताई ऱ्हाइनकाठच्या एका कारखान्यात केमिस्ट होत्या. रेझिन आणि चिकटवण्याचे पदार्थ, हेच त्यांचं काम. आमच्या स्टिकमधलं निम्मं विज्ञान त्यांच्या टेबलावरून गेलेलं असावं. आणि गंमत म्हणजे त्या स्वतः लाकडावरच खेळत. सगळ्यांची पाती त्यांनी बसवून द्यायची, हीट गनने पात्याचं टोक तापवायचं, गोंदाची कांडी वितळवायची, दांड्यात ठोकून सरळ धरायचं, आणि मग स्वतः ती जड, काळपट लाकडी स्टिक घेऊन बर्फावर उतरायचं. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "दिवसभर रेझिनच हुंगते रे. रविवारी तरी हातात झाड असू दे."

खेळायला त्यांनी सुरुवात केली अडतिसाव्या वर्षी, मुलीपायी. रेवा तेव्हा लहान होती. तिची प्रॅक्टिस दोन तास, आणि पालकांनी त्या थंडगार बाकांवर बसून थर्मासमधली कॉफी पीत राहायचं. ताई म्हणाल्या, बसून गारठण्यापेक्षा खेळून गारठू. नवरा पाच वर्षांपूर्वी पुण्याला परत गेला तो कायमचाच, त्या विषयावर कोणी काही बोलत नसे. मायलेकी दोघीच. रेवाला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये यायचं. भांडणंसुद्धा दोन भाषांत चालत आणि कोणी कोणाला भाषा बदलायला सांगत नसे. पुढे रेवा इंजिनिअरिंगला कायझर्सलाउटर्नला गेली. गाडीने तासाभराची वाट, पण महिन्यातून एकदाच घरी येई, परीक्षा आणि प्रोजेक्ट असले की तेवढंही नाही. माझ्या मुलाने तर दोन वर्षांतच हॉकी सोडली. मीच मागे राहिलो.

पातं निवडून द्यायची ताईंची एक रीत होती. आधी तुमची जुनी लाकडी स्टिक हातात घेऊन उलटी करायच्या आणि पात्याला गुंडाळलेल्या टेपकडे खालून बघायच्या. चांभार चपलेचा तळ बघतो तसं. टेप टाचेकडे झिजली असेल तर एक कोन, टोकाकडे झिजली असेल तर दुसरा. पात्याचा बाक मात्र लाकडी होता तसाच घ्यायला लावत. दुकानातल्या पोराने मला जास्त बाकाचं पातं दाखवून भुलवलं होतं. ताई म्हणाल्या, "दांडा बदलतोयस ना? मग पातं तसंच राहू दे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर बिघडलं कशामुळे ते कळत नाही."

हे त्यांचं प्रयोगशाळेतलं शहाणपण त्या सगळ्याला लावत. मी एकदा नोकरी, घर आणि शहर, तिन्ही बदलायचं म्हणत होतो. कार्ल्सरूहेच्या एका कंपनीतून बोलावणं आलं होतं. त्यांनी तेच ऐकवलं. मग मी काहीच बदललं नाही. तीच सॉफ्टवेअर कंपनी, तीच रद्द होणारी एस-बान लोकल, तेच संध्याकाळी सातला घरी येऊन सोफ्यावर पडणं. दमणूक हा आमच्या सगळ्यांचाच स्थायीभाव आहे म्हणा. ताईसुद्धा दमलेल्याच असायच्या, पण रविवार चुकवत नसत.

गेल्या उन्हाळ्यापासून त्या बुधवारी फोनवर सापडेनाशा झाल्या. "बुधवारी टेर्मिन आहे रे," म्हणायच्या. इथे टेर्मिन, म्हणजे अपॉइंटमेंट, म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही. परदेशी लोकांच्या ऑफिसचा असेल, टॅक्सवाल्याचा असेल, दाताचा असेल. प्रत्येकाच्या मागे काही ना काही टेर्मिन लागलेलाच असतो. मीही विचारलं नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सीझन सुरू झाला तेव्हा ताईंची जर्सी खांद्यावरून घसरत होती. मी म्हणालो, "ताई, बारीक झालात." त्या म्हणाल्या, "जा, जा, तू मात्र नाही झालास." सगळे हसले. मीही हसलो.

त्याच दिवशी घरी जाताना त्यांनी विषय काढला. "समीर, लाकूड आता जड होतंय. मनगट धरतं. मला कार्बनचा दांडा बघून दे." मला काय आनंद झाला! इतकी वर्षं सगळ्यांना निवडून देणाऱ्या बाईने माझ्याकडे मागितलं. मीही त्यांच्याच सुरात म्हणालो, "आधी वजन सांगा." त्यांनी क्षणभर गाडीच्या काचेतून बाहेर पाहिलं. "एकसष्ट." मी साठचा दांडा मागवला, पात्याचा बाक त्यांच्या लाकडी स्टिकसारखाच घेतला. बरोबर निवडलंय म्हणून मी स्वतःवर खूश होतो.

पुढच्या रविवारी ताई तो दांडा घेऊन बर्फावर उतरल्या. उंचीप्रमाणे वरून कापला होता, त्याने दांडा थोडा आणखी ताठ होतोच. पण हे काही वेगळंच होतं. त्या सगळा भार टाकून फटका मारायला जायच्या आणि दांडा हलायचा नाही. एकदा तर त्याच दांड्याने उलट ढकलल्यासारख्या मागे सरकल्या. बाकावर येऊन बसल्या तेव्हा त्यांचा श्वास लागला होता. मी हळूच विचारलं, "ताई, एकसष्ट नक्की ना?" "अरे वा! माझाच काटा मला दाखवतोस?" म्हणाल्या आणि हसल्या.

मला कळलं होतं. काय ते नेमकं नव्हतं कळलं, पण काहीतरी आहे एवढं कळलं होतं. जी बाई वजन खोटं सांगणाऱ्या माणसाला बर्फावर चार पावलांत ओळखते, ती उगाच खोटं सांगेल का? घरी जाऊन फोन करायचा असं ठरवलं. पण त्या आठवड्यात ऑफिसात रिलीज होतं, पुढच्या आठवड्यात मुलाच्या शाळेत पालकसभा होती, आणि तिसऱ्या आठवड्यात मी नुसताच दमलेलो होतो. रविवारी भेटलो तर त्या परत लाकडी स्टिक घेऊन आल्या होत्या आणि दर पाच मिनिटांनी दमून बर्फावरून बाहेर येत होत्या. मी काही बोललो नाही. अजूनही स्वतःची लाज वाटते.

महिनाअखेरीला रेवा उन्हाळ्यानंतर पहिल्यांदाच घरी आली. ताईंनी मला जेवायला बोलावलं होतं. मसालेभात केला होता आणि स्वतः चमचाभर घेऊन ताटात फिरवत बसल्या होत्या. जेवण झाल्यावर रेवाला म्हणाल्या, "केलरमध्ये तुझ्या लहानपणच्या स्टिक आहेत ना, त्यातला एखादा मऊ दांडा मला जोडून दे. समीरने आणलेला वाकत नाही." रेवा तळघरातून तीन-चार दांडे आणि एक छोटं पातं घेऊन वर आली. गोंदाचा वास नको म्हणून आम्ही बाल्कनीत गेलो. तिने हीट गन लावली, पात्याचं टोक तापवायला घेतलं. आईकडूनच शिकलेली, हात अगदी तसाच. आणि मान वर न करता, आइसहालेत आई प्रत्येकाला विचारते तसं तिनेही जर्मनमध्ये विचारलं, "वजन किती, मम्मा?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, पुन्हा एकसष्ट म्हणतील. रेवा तेवढ्या आकड्याचा दांडा जोडून देईल, सोमवारी परत जाईल आणि हे असंच चालू राहील. पण त्यांना खेळायचं होतं. अजून काही रविवार त्यांना मनापासून हवे होते, आणि खोट्या आकड्यावर ते मिळणार नव्हते.

"सत्तेचाळीस," ताई म्हणाल्या.

रेवाने हीट गन बंद केली. तिने आईकडे पाहिलं. स्वेटरवर स्वेटर घातलेल्या आईकडे तिने त्या संध्याकाळी पहिल्यांदाच नीट पाहिलं असेल. "कधीपासून?" तिने विचारलं. "जूनमध्ये कळलं," ताई म्हणाल्या. "स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. तुझ्या परीक्षा होत्या, मग प्रोजेक्ट आला. म्हटलं एका वेळी एकच." रेवा एकदम ओरडलीच. काय काय बोलली ते मला सगळं कळलंही नाही आणि इथे लिहायचंही नाही. मी हातात ते लहान पातं धरून मूर्खासारखा उभा होतो. बऱ्याच वेळाने रेवा रडत रडत म्हणाली, "पन्नासचा आहे. बारा वर्षांची असतानाचा. चालेल?" ताई म्हणाल्या, "गेनाऊ, अगदी बरोबर. तोच दे."

त्या दांड्यावर ताई तीन रविवार खेळल्या. डॉक्टरांनी जमेल तेवढं खेळा म्हणून सांगितलं होतं. पोरांचा बारीक दांडा, त्याला पोरांचं पातं, आणि तो मस्त वाकायचा! तिसऱ्या रविवारी त्यांचा एक पक गोलीच्या पॅडवर खाडकन आपटला. गोल नाही झाला, पण त्या पोरीसारख्या ओरडल्या, "बघितलंस?" रेवा प्रत्येक रविवारी होती. कॉलेजकडे अर्ज करून तिने सत्र सोडलं आणि घरी राहायला आली. फेब्रुवारीत ताई गेल्या. इथे दहनासाठीसुद्धा तारीख मिळवावी लागते, ती नऊ दिवसांनंतरची मिळाली. त्या नऊ दिवसांत टीममधलं कोणी ना कोणी रोज डबा घेऊन रेवाकडे जात होतं.

एप्रिलमध्ये घर सोडायचं होतं. करारात लिहिलेलं असतं, भिंती पांढऱ्या करून द्यायच्या. मी आणि रेवा दोघंच होतो. सामान गेलेलं, जमिनीवर प्लास्टिक अंथरलेलं, दोघांच्या हातात रोलर. हॉलची एक भिंत झाली तेव्हा रेवा भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, "तिने माझे चार महिने घेतले, समीर काका. जून ते ऑक्टोबर. मी रोज फोन करत होते आणि ती मला जेवलीस का विचारत होती." जर्मनमध्येच बोलत होती, आवाज अगदी सपाट.

तुझ्यासाठीच केलं गं त्यांनी, असं काहीतरी माझ्या तोंडावर आलं होतं. अंत्यविधीला आलेल्या प्रत्येकाने तेच ऐकवलं होतं तिला. मी ते गिळलं. म्हणालो, "हो. घेतले." आणि मग कधी ना कधी सांगायचंच होतं ते सांगून टाकलं. "त्यातले तीन आठवडे माझ्या नावावर लाव. नवा दांडा वाकला नाही तेव्हाच मला शंका आली होती. तुला फोन करायला हवा होता. नाही केला."

रोलर थांबला. "का?"

खूप कारणं होती. ताईंचा मान, त्यांचा खाजगी मामला, माझी नोकरी. त्यातलं एकही खरं नव्हतं. "दमलो होतो," मी म्हणालो.

रेवा वळली. चेहऱ्यावर पांढरे शिंतोडे, डोळे लाल. मला वाटलं, ती आता जा म्हणेल, आणि मला ते बरोबरच वाटलं असतं.

"तीन आठवडे," ती म्हणाली. मग रंगाची बादली पायाने माझ्याकडे सरकवली आणि शिडीकडे बोट दाखवलं. "मग छत तू रंगवायचंस. सगळ्या खोल्यांचं."

मी शिडीवर चढलो.