विजयकर सर आणि उलटा चाललेला मोर्चा

विजयकर सरांची आणि माझी पहिली भेट झाली ती गिरगावातल्या एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. सर एका स्टुडिओत चित्रपटांचे संकलन करीत आणि रविवारी सकाळी आम्हा पाच-सहा कॉलेजकुमारांना कॅमेरा शिकवीत. कॅमेरा हातात मिळणार म्हणून मी चांगला भांग पाडून परळहून चालत गेलो, आणि सरांनी हातात काय दिले, तर रिकाम्या काडेपेटीचे कव्हर! तीन रविवार आम्ही त्यातूनच जग पाहिले. "लाँग शॉटमध्ये माणूस कुठे आहे ते कळतं, मिड शॉटमध्ये काय करतोय ते, आणि क्लोज-अपमध्ये त्याला काय वाटतंय ते," असे सर सांगत. जड शब्द मी त्यांच्या तोंडून आजवर ऐकलेला नाही.

चौथ्या रविवारी सरांनी स्वतःचा, चावी भरून चालवायचा कॅमेरा बिनदिक्कत माझ्या स्वाधीन केला. पाच मिनिटांची फिल्म करायची होती. मी विषय घेतला आमच्या रस्त्यावरून निघणाऱ्या मोर्चाचा. वडील गिरणीत कापड विणायच्या साच्यावर काम करीत आणि मोर्चात पहिल्या रांगेत असत. अर्धा मोर्चा मी फुटपाथवरून टिपला. मग आणखी छान दिसेल म्हणून धावत रस्ता ओलांडून आमच्या चाळीच्या गॅलरीत गेलो आणि उरलेला वरून घेतला. फिल्म धुऊन आली तसे ब्लेड आणि फिल्म चिकटवायचे सिमेंट घेऊन तुकडे जोडले आणि सरांना दाखवायच्या आधीच, वाचनालयाचा प्रोजेक्टर मागून आणून, चाळीत चादरीवर खेळ लावला. घाई नडली.

चादरीवर मोर्चा डावीकडून उजवीकडे निघाला आणि मध्येच उजवीकडून डावीकडे जाऊ लागला. रस्त्याची बाजू बदलली की चालणारी माणसे पडद्यावर उलट फिरतात, हे माझ्या गावीही नव्हते. "माघारी पळायला लागली की सगळी!" कुणीतरी हसले. वडील उठले. "आम्ही लाठ्या खाऊन पुढं गेलो. तू आम्हाला पळपुटं करून ठेवलंस." त्यानंतर आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. पुढच्या रविवारी मी सरांना झाला प्रकार सांगितला, कॅमेरा परत दिला आणि वर्ग सोडतो म्हणालो.

सर कॅमेरा घेऊन तसेच माझ्याबरोबर परळला आले. आमच्या दारात उभे राहून वडिलांना म्हणाले, "कांबळे, चूक मुलाची नाही, माझी. हा धडा मी या रविवारसाठी ठेवला होता, तो आधी शिकवायला हवा होता. मला माफ करा."

वडील गडबडले. "बसा मास्तर. पाणी चालंल ना आमच्यातलं?"

"नुसतं पाणी? चहा टाकायला सांगा."

चहा झाल्यावर सरांनी कॅमेरा काढला. आईला गॅलरीच्या कठड्याशी उभे केले आणि वडिलांना म्हणाले, "तुम्ही खालून चाला. यांची नजर तुमच्यामागे फिरू दे." वडील ताठ मानेने चालू लागले. आई तोंडाला पदर लावून हसायला लागली, तसे ते खालून ओरडले, "हसतीस काय? मोर्चा हाय!" तिसऱ्या फेरीला तिचे हसू मावळले. मोर्चाच्या दिवशी ते घरी येईपर्यंत तिला काय वाटत असे, ते मी तेव्हा प्रथम पाहिले. इतकी वर्षे तिच्याच हातचे जेवत होतो आणि पाहिले नव्हते, याची मला लाज वाटली.

आईच्या चेहऱ्याचा तो तुकडा सरांनी माझ्याच हातून मोर्चाच्या दोन तुकड्यांच्या बरोबर मध्ये चिकटवून घेतला. आता पुढचा मोर्चा आईच्या गॅलरीतून, तिच्या डोळ्यांनी दिसू लागला. तो उलटा फिरला असे कुणालाच वाटेना. दुसऱ्या खेळाला वडील शेवटपर्यंत बसले आणि "जमलं" म्हणाले.

पुढे याच कामावर माझे घर चालले. वडील मात्र फिल्मचे कौतुक कमी आणि दुसरेच जास्त सांगत: "एवढा शिकलेला मानूस माझ्या दारात उभा राहून चुकलो म्हनला. आमच्या दारात लोक हुकूम सोडायला यायचे. माफी मागायला तेच पहिले."

सरांच्या पंच्याहत्तरीला वडील असते तर परळहून चालत आले असते. त्यांच्या वाटचा नमस्कार आज मी करतो. सरांनी ठणठणीत राहावे, शंभरी सहज ओलांडावी. आम्हा विद्यार्थ्यांच्या हातून अजून पुष्कळ चुका व्हायच्या आहेत, आणि त्या आपल्या म्हणून पदरात घेणारा दुसरा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.