खंडेनवमीची बंदूक

आमच्या घरात बंदूक आहे असं कळलं की समोरची बाई जरा सरकूनच बसते. अहो, परवान्याची आहे! बारा बोअरची दुनळी. आधी सासऱ्यांच्या नावावर होती, रानडुकरं हाकलायला. त्यांना दिसायचं कमी झालं तशी ती मालकांच्या नावावर आली. मालक फौजेतून सुटून आले आणि आता तीच बंदूक घेऊन गंगाखेडला एका बँकेच्या दारात उभे राहतात. गाव त्यांना फौजी म्हणतं. मीसुद्धा रागात असले की फौजीच म्हणते, आणि मी बऱ्याचदा रागातच असते.

आम्हाला दोन पोरी. थोरली आठ वर्षांची, धाकटी चारची. ड्युटी नसली की बंदूक लोखंडी कपाटात, काडतुसं वेगळ्या पेटीत, आणि दोन्ही किल्ल्या फौजींच्या करदोट्याला. पण कुलूप लावलं म्हणून पोरींना शिकवायचं नाही असं थोडंच आहे? शिकवायला आम्ही तिघं होतो आणि तिघांच्या तीन तऱ्हा. मी भेव दाखवायची, हात लावला तर पोलीस धरून नेतेत म्हणून. सासरे, म्हणजे आमचे आबा, सांगायचे की ते हत्यार हाय, देव हाय, पाया पडा. फौजींची तऱ्हा तिसरीच. ते पोरींना अंगणात उभं करायचे. "बंदूक दिसली. आपल्या घरी दिसू दे, मैत्रिणीच्या घरी दिसू दे. काय करायचं?" पोरी ओरडायच्या, "हात पाठीमागं! तीन पावलं मागं! मोठ्या माणसाला हाक!" असं दर रविवारी. मी भाकरी थापता थापता हसायची. म्हणायची, "पोरींना भरती करायलाव का काय?" ते हसायचे नाहीत. तेवढ्या एका गोष्टीत तो माणूस कधी हसला नाही.

गेल्या खंडेनवमीची गोष्ट सांगते. त्या दिवशी बंदुकीत दोन काडतुसं भरलेली होती, आणि एक माणूस सोडला तर घरात कुणालाच ते माहीत नव्हतं.

खंडेनवमीला आमच्याकडं विळे, कोयते, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, सगळं धुऊन पाटावर मांडतात. बंदूकही मांडतात. सकाळी फौजींनी ती काढली, मधून वाकवून उघडली आणि पोरींना दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दाखवला. "बघा, रिकामी हाय. तरी हात न्हाई लावायचा." मग नळीचं तोंड भिंतीकडं करून पाटावर ठेवली. आबांनी लय हट्ट केला म्हणून पूजेच्या ताटात दोन काडतुसं ठेवली. सारं रीतसर झालं आणि फौजी मोटारसायकल काढून झेंडू आणायला गेले. पूजेपाशी आबा बसले होते, म्हणून ते निर्धास्त होते. मी सैपाकघरात पुरणपोळ्या लाटत होते.

ते गेल्यावर आबांनी काय केलं ते आम्हाला नंतर कळलं. रिकामं हत्यार कसं पूजायचं, असं त्यांच्या मनानं घेतलं. देवापुढं आपण रिकामा तांब्या ठेवत नाही, बाईची ओटी रिकामी ठेवत नाही, मग आज ज्याचा मान आहे तेच रिकामं? त्यांनी ताटातली काडतुसं उचलली, नळ्यांत घातली, बंदूक मिटवली. दिसत नसलं तरी हाताला सवय होती. मग त्यांच्या ध्यानात आलं की भिंत दक्षिणेची आहे. देवाचं तोंड दक्षिणेला? म्हणून त्यांनी बंदूक उचलून पूर्वेला फिरवली. आमच्या घरात पूर्वेला सैपाकघराचं दार आहे. म्हणजे नळीचं तोंड थेट माझ्या चुलीकडं. एवढं भक्तिभावानं करून आबा अंगणात ट्रॅक्टरला कुंकू लावायला गेले.

मी थोरलीला हाक मारली. "अगं, पूजेचा टाइम टळायलाय. हत्यारांना हळद-कुंकू लाव, तवर मी पोळ्या उरकते." तिनं करंडा घेतला. विळ्याला लावलं, कोयत्याला लावलं, कुऱ्हाडीला लावलं. मग आवाज आला, "मम्मी, इकडं ये ना."

"काय गं?"

"बंदूक फिरलीय."

"फिरली असंल. लाव कुंकू."

"पप्पा म्हणले हात न्हाई लावायचा. तू ये."

"आज तो देव हाय, आज चालतंय!"

ती काही हलेना. मी वाकून बघितलं तर ही बया भिंतीला पाठ लावून उभी, एक हात पाठीमागं, दुसऱ्या हातानं धाकटीला फ्रॉकला धरून ठेवलेलं. धाकटीला कुंकू लावायची हौस, ती भोकाड पसरून रडायलेली. "मम्मी, ये ना गं," थोरली पुन्हा म्हणाली. इकडं तव्यावर पोळी फुटली आणि पुरण करपायला लागलं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. सणासुदीला एक काम सांगितलं तर हिची कवायत!

मी गेले आणि थोरलीच्या पाठीत एक धपाटा घातला. "आठ वर्षांची घोडी झाली, एवढं कळत न्हाई?" धाकटीला उचलून पाटापुढं बसवलं. तिचं बोट कुंकवात बुडवलं आणि माझ्या हातानं बंदुकीच्या लाकडावर टेकवलं. मी, तिची आई! धाकटीनं एक टिकली लावली. तिला लय मजा वाटली. मग ती आपल्या मनानं टिकल्या देत सुटली, लाकडावर, लोखंडावर, आणि खाली त्या गोल कडीत, जिथं खटका असतो. तिचं बोट कडीच्या आत गेलं. बारीक बोट ते, सहज गेलं. तिचं तोंड माझ्याकडं होतं आणि ती हसत होती. मी पण हसले. थोरली मागून किंचाळली, "मम्मी, तिचं बोट काढ!"

मी काढलं. पण कशामुळं? तर पोळीचा जळका वास आला म्हणून. धाकटीला बखोटीला धरलं आणि सैपाकघरात घेऊन गेले. एवढंच.

थोड्या वेळानं फौजी आले. दारातच थांबले. हातातली झेंडूची पिशवी त्यांनी हळूच खाली ठेवली. "बंदूक कुणी फिरवली?" आवाज इतका बारीक की मला आधी ऐकूच आला नाही. "सगळ्या मागच्या दारानं भायेर जा. आत्ता." आम्ही गेलो. ते भिंतीच्या कडेनं आडवे आडवे पाटापर्यंत गेले, नळी भिंतीकडं वळवली आणि बंदूक उघडली. मी खिडकीतून बघत होते. दोन लाल काडतुसं त्यांच्या तळहातावर आली. मी पायरीवर बसले आणि धाकटीचं ते कुंकवाचं बोट माझ्या मुठीत घट्ट धरून ठेवलं. खटका अडवून धरणारी कळ मागं होती म्हणून वाचलो, असं फौजी नंतर म्हणाले. ती कळ नुसत्या अंगठ्यानं पुढं सरकते.

आबा आले. "रिकामं कसं पूजावं बाबा," एवढंच म्हणाले. मग त्यांनी पाट बघितला, चूल बघितली, मला बघितलं आणि तिथंच भिंतीला टेकून बसले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मी त्यांच्यावर लय ओरडले. नको नको ते बोलले, आजही त्याची लाज वाटते. कारण ओरडता ओरडता मला ठाऊक होतं की बोट मी टेकवलं होतं.

संध्याकाळी थोरलीच्या पाठीला तेल लावायला बसले. म्हणलं, "बाई, असं काही दिसलं तर जोरात हाक मारावी ना." ती म्हणाली, "मारली की. तुलाच मारली होती." रडून नाही, चिडून नाही, शाळेत उत्तर द्यावं तसं म्हणाली.

पुढच्या रविवारी फौजींनी मला बोलावलं. "बस. आता तुझी शिकवणी." एवढी वर्षं त्या घरात राहून मला ती उघडून बघता येत नव्हती. त्यांनी दोनदा तपासून रिकामी बंदूक माझ्या हातात दिली. जड होती. नळी भिंतीकडं ठेवून उघडायची कळ कशी दाबायची, कशी वाकवायची, आत बोट घालून कसं चाचपायचं, सगळं केलं. तिसऱ्या वेळी जमलं. दोन्ही नळ्यांतून उजेड दिसला आणि मला इतका आनंद झाला म्हणता!

थोरली दारात उभी होती. मी म्हणलं, "ये गं, बघ, मला आलं. रिकामी हाय." ती जागची हलली नाही. मी पुन्हा म्हणलं, "अगं ये ना, मी हाय की." पोरीनं दोन्ही हात पाठीमागं घेतले आणि माझ्याकडं बघत म्हणाली, "तू आधी ती कपाटात ठेव. मग येते."