शेंदूर लावलेला सांधा

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर भरपूर टर उडवली आहे. तेव्हा आता तुम्ही माझी उडवा, हरकत नाही... पण जे झालं ते झालं.

कारंज्यात आमचं घर. महायुद्धामुळे नवा लोखंडी पाईप मिळेना, म्हणून एका बंद पडलेल्या जिनिंग फॅक्टरीतला जुना आणला. विहिरीवर हातपंप, माडीवर टाकी, आणि तिथून पाईप मधल्या खोलीच्या भिंतीवरून खाली न्हाणीत. गल्लीत घरात तोटी असलेले आम्ही एकटेच. मी चारचौघांत मुद्दाम विषय काढायचो.

माडीजवळचा सांधा गळायला लागला. करीम मिस्त्रींनी नळकामाच्या रीतीप्रमाणे ताग गुंडाळून वर तेलात कालवलेला शेंदूर लिंपला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर सांध्यावर फूल! आमची सात वर्षांची कमल तापानं पडली होती आणि माझी बायको यमुना त्या दिवसांत शेंदूर दिसेल तिथं हात जोडायची. मिस्त्री हसले. मीही हसलो.

तो सांधा कोरडा झाला – आणि पुढचा गळू लागला. त्यालाही शेंदूर. मग त्याच्या पुढचा. गळती मधल्या खोलीतल्या कमलच्या खाटेकडे सरकत होती आणि सांध्यागणिक तिचा ताप चढत होता. मियादी ताप आहे, घाम सुटला तर वाचेल, असं डॉक्टर म्हणाले. म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

शेवटचा सांधा तिच्या उशाशी होता. तोही गळू लागला तेव्हा मी टाकी रिकामी केली. थेंब पडतच राहिले. भर दुपारी मिस्त्रींनी पाईप दोन्हीकडून सोडवला, तोंड लावून फुंकला. नुसती गंजाची पूड उडाली. आणि उशाजवळचा तो सांधा टपकतोच आहे...

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला.

“भाऊ, टाकीत पानी नाही, नळीत पानी नाही. मंग हे येऊन कुठून राह्यलं?”

मी कमलला खाटेसकट पुढच्या खोलीत नेलं. तिथं पाईपच नव्हता. थोड्या वेळानं तिची उशी ओलीचिंब सापडली. भिंत कोरडी, छत कोरडं. घाम सुटला म्हणून यमुना आनंदानं रडायला लागली. मी कमलच्या कपाळाला हात लावला. कपाळ कोरडं होतं, तव्यासारखं तापलेलं.

दिवेलागणीला ती गेली. सांध्याचं टपकणंही तेव्हाच थांबलं.

पाईप मी भंगारात दिला. उशाजवळचा तो एक सांधा मात्र यमुनेनं देऊ दिला नाही. देव्हाऱ्यात ठेवलाय. पूजा नाही, फूल नाही. रोज सकाळी उचलते, आतून बोट फिरवते आणि मला दाखवते.

“पाहा. आता कायले कोरडा राह्यते हा?”

मी खूप डोकं चालवून पाहिलं, काही सापडलं नाही. वाचकांपैकी कुणाला कारण ठाऊक असेल तर मला सांगू नका... तिला सांगा.