बावीस नंबरची चिठ्ठी

गोंद्या म्हटलं की लोकांना वाटतं, नाव गोविंद असणार, लाडानं गोंद्या झालं असेल. गोविंदबिविंद काही नाही. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत बत्तीस वर्षं फाटकी पुस्तकं चिकटवून त्याच्या दहाही बोटांवर गोंदाची साल चढलेली असते, म्हणून गोंद्या. खरं नाव पगारपत्रकावर आहे, पण पगार काढणारा कारकूनही त्याला गोंद्याच म्हणतो.

तर या गोंद्याच्या खोलीत गेल्या काही वर्षांत एक नवीन भानगड येऊन पडली. खिशांची पुस्तकं. दिसायला जाडजूड कादंबरी, पण उघडली की पानापानावर पाकिटं डकवलेली. एका पाकिटात पत्र, दुसऱ्यात बोटीचं तिकीट, तिसऱ्यात फोटो. कुठे नकाशा, कुठे चावी, कुठे कोटाचं तुटकं बटण. अर्धी गोष्ट पानांत आणि अर्धी खिशांत. वाचणाऱ्यानं सगळं टेबलावर मांडायचं आणि काय घडलं ते आपलं आपण जुळवायचं. यात लेखकाची बरीच मेहनत वाचते, असं गोंद्याचं मत होतं.

लेखकाची वाचते आणि गोंद्याची वाढते. पुस्तक परत आलं की आतल्या वस्तू मोजायला लागतात. लोक बटणं ठेवून घेतात. एका बाईंनी कादंबरीतल्या चावीऐवजी स्वतःच्या कपाटाची चावी पाकिटात घालून पुस्तक परत केलं आणि तीन दिवसांनी त्याच त्या साडीत चावी शोधत आल्या. एका गृहस्थांच्या पुस्तकातून एक प्रेमपत्र जास्तीचं निघालं. ते न्यायला मात्र कुणी आलं नाही.

या सगळ्यातून गोंद्यानं स्वतःपुरता एक नियम काढला होता: मोजायचं, वाचायचं नाही. वाचत बसलं की मोजणी चुकते.

घरी मात्र उलटा कारभार, कारण घरी ताई. गोंद्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, गल्लीच्या तोंडाशी तिचं शिवणकामाचं दुकान. दोघांनीही लग्न का केलं नाही, या विषयावर आमच्या जिन्यात वीसेक वर्षं चर्चा चालली; निष्पन्न काही झालं नाही. खिशांचं नवीन पुस्तक आलं की शिक्के मारण्याआधी गोंद्या ते दोन-चार दिवस घरी आणायचा. नाव तपासणीचं, खरं कारण ताई. ती जेवणाच्या टेबलावरची भांडी खाली उतरवून सगळी पाकिटं रिकामी करायची आणि गळ्यातली माप घ्यायची टेप तशीच लोंबत ठेवून तपासाला बसायची.

"हात धुतलेस?"

"धुतले."

"मग हे काय दिसतंय?"

"ते जन्माचं आहे. ते जात नाही."

"मग लांबून बघ."

शिवाय तिला एक खोड होती. कादंबरीच्या वस्तूंत घरातली एखादी वस्तू हळूच मिसळून द्यायची आणि गोंद्याला सापडते का ते बघायचं. कधी हूक, कधी दुधाचं कूपन, कधी औषधाच्या पाकिटाची चांदी.

"ताई, हे कूपन पुस्तकातलं नाही."

"कशावरून? खुनी दूध पीत नसेल?"

"आपल्याच दूधवाल्याकडचं?"

"तोच खुनी असेल. पाणी किती घालतो बघितलंस ना!"

गोंद्या दर वेळी पकडायचा. निदान आपण दर वेळी पकडतो, असं त्याला वाटायचं.

सात महिन्यांपूर्वी ताई गेली. दुकानात, यंत्रावर बसल्या बसल्या. पाय पॅडलवर तसाच आणि सुईखाली अर्धी शिवलेली बाही. चौथ्या दिवशी गोंद्या कामावर हजर. तो रडला नाही. समोरच्या काकूंनी सांगून पाहिलं, "अरे, रडून घे एकदा, मोकळा होशील." गोंद्या म्हणाला, "हो." एखादं सामान आणायला सांगितल्यावर म्हणावं तसं. महिन्यानं काकूंनी परत विचारलं, रडलास का म्हणून, तर म्हणाला, "राहिलं."

यात नाटक नव्हतं. त्याला खरोखरच काही होत नव्हतं. गोंद वाळलेल्या बोटांना गरम कप गरम लागत नाही; कप हातात आहे एवढं समजतं. त्याचं सगळं तसंच झालं होतं. सकाळी कुलूप लावायचा, चावी जिन्यातल्या मीटरच्या डब्यात ठेवायचा, परत आल्यावर तिथूनच काढायचा. चावी आता एकालाच लागत होती, ती खिशात ठेवली तरी चालली असती. त्याच्या ते लक्षात आलं नव्हतं. आमच्या आलं होतं, पण आम्हीही त्याला कुणी बोललो नाही. आमच्या जिन्यानं गप्प बसण्याचे प्रसंग फार थोडे. त्यातला हा एक.

मग त्या शनिवारी ग्रंथपाल मॅडमनी त्याला आत बोलावलं.

टेबलावर 'बंदरावरची खोली' हे पुस्तक पसरलेलं होतं. एका खानावळीतला भाडेकरू अचानक नाहीसा होतो आणि त्याच्या खोलीत सापडलेल्या वस्तू वाचकाच्या हाती येतात, अशी ती कादंबरी. तो कुठे गेला हे पुस्तकात कुठेच लिहिलेलं नाही. त्यामुळे ग्रंथालयानं मागच्या पुठ्ठ्याला एक वही जोडली होती, तीत वाचकांनी आपापले तर्क लिहायचे. वही भरत आली होती. मॅडमच्या समोर एक निवृत्त शाळामास्तर बसले होते. त्या वहीतली निम्मी पानं एकट्या त्यांची.

"बसा," मॅडम म्हणाल्या. "यात वस्तू किती?"

"बावीस," गोंद्या म्हणाला. आकडे त्याला तोंडपाठ असत.

"यादीवर छापलेत एकवीस. ते खोडून पेननं बावीस कुणी केलं?"

"मी. प्रकाशकाच्या याद्या नेहमी चुकतात. मोजल्या तेव्हा बावीस भरल्या, म्हणून दुरुस्त केलं."

"गुरुजींनी प्रकाशकाला पत्र लिहिलं होतं, बावीस नंबरचा अर्थ काय म्हणून. त्यांचं उत्तर आलंय. बावीस नंबर त्यांनी घातलेलाच नाही."

"शक्य नाही!" मास्तर खुर्चीत पुढे सरकले. "अहो गोंदराव, सगळी कादंबरी त्या चिठ्ठीवर उभी आहे. मी सांगतो, ऐका." त्यांनी चष्मा लावला आणि एक खाकी कागद उचलून वर्गात वाचावं तसं वाचलं. "'चावी मीटरच्या डब्यात ठेवली आहे. मला तीन वाजतील. वाट बघू नकोस, पण जेवूही नकोस.' आता बघा. वाट बघू नको म्हणते, म्हणजे येणार नाही. जेवू नको म्हणते, म्हणजे जेवणात काहीतरी कालवलेलं आहे, हे तिला ठाऊक आहे. आणि मुख्य मुद्दा! चावी बाहेर आहे हे सांगणारी चिठ्ठी बंद खोलीच्या आत सापडते. ज्याला आत यायचंय तो ती वाचणार कशी? म्हणजे माणसं दोन होती. एक आत, एक बाहेर!"

गोंद्यानं हात पुढे केला. मास्तरांनी चिठ्ठी त्याच्या हातावर ठेवली.

कागद शिवणाचे नमुने आखून कापायचा होता. कडेला निळ्या खडूची रेघ होती. 'वेळ' आणि 'डोळे' लिहिताना ताई 'ळ'ची दोन्ही वेटोळी कात्रीच्या मुठीसारखी गोल काढायची; इथे 'ळ' असलेला एकही शब्द नव्हता, पण 'ठ' तसाच होता, गोल, टेकलेला, तिचा. आणि त्या अक्षरांच्या बरोबर मधोमध ग्रंथालयाचा जांभळा शिक्का. शिक्काही त्यानंच मारलेला. त्या आठवड्यात सहाशे वस्तूंना मारले होते.

आता काहीतरी होईल, असं त्याला वाटलं. तो थांबला. काही झालं नाही. छताचा पंखा फिरत होता, त्याचं एक पातं किंचित वाकडं होतं.

"ही माझ्या बहिणीची आहे," तो म्हणाला.

मास्तरांचं तोंड उघडं राहिलं. एवढा तपास, एवढे पुरावे, आणि खुनी निघाली शिवणकाम करणारी बाई.

"मग..." ते म्हणाले, आवाज पार उतरलेला. "मग जेवू नकोस असं का लिहिलंय?"

"माहीत नाही."

"कधीची आहे?"

"पुस्तक घरी होतं तेव्हाची. दोन वर्षं झाली."

"त्या दिवशी काय झालं होतं?"

गोंद्यानं आठवून पाहिलं. दोन वर्षांपूर्वीचा एक दिवस, ताई बाहेर गेली होती, मग आली असणार. बस्स. मोजणी आठवत होती, बावीस. बाकी कोरं. आणि हे कोरं राहणं त्याला, सात महिन्यांत पहिल्यांदाच, बरं वाटलं नाही. ती काहीतरी सांगत होती आणि कुणाला, तर त्याला. आणि आता ते काय होतं हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं.

"मला ही हवी आहे," तो म्हणाला.

मॅडमनी मान हलवली. बाई वाईट नव्हत्या, नियमाच्या होत्या. "घ्या ना. पण शिक्का पडलाय, नोंद झालीये. बाद करावी लागेल." त्यांनी खणातून बाद करण्याचा अर्ज काढून दिला. "कारणाचा रकाना भरा, सोमवारी द्या."

रकान्याखाली छापलं होतं: फाटली, भिजली, हरवली, वाळवी. यातलं काहीच झालं नव्हतं.

शनिवार अर्धा दिवस. दीडला गोंद्या घरी आला, मीटरच्या डब्यातून चावी काढली आणि कुलूप उघडलं. पाठोपाठ समोरच्या काकू झाकलेलं ताट घेऊन आल्या. शनिवारचं ताट त्यांच्याकडून यायचं, ताई गेल्यापासूनचा रिवाज. ताटाचं नाव जेवण, खरं काम चौकशी.

"गरम आहे, लगेच बस. हे काय, अर्ज कसला? बदली झाली का तुझी?"

गोंद्यानं चिठ्ठी पुढे केली. काकूंनी ती लांब धरली, मग जवळ, मग खिडकीपाशी नेली. आणि हसायलाच लागल्या.

"अगं बाई! ही त्या दिवसाची का? हिचं नेहमीचंच हे. चावी बाहेर ठेवायची आणि कुठे ठेवलीय ते घरात लिहून ठेवायचं."

"कुठल्या दिवसाची, काकू?"

"अरे, दुकानाला पंचवीस वर्षं झाली त्या दिवसाची! तुला नाही आठवत? जन्मात कधी हॉटेलात पाऊल न टाकलेली बाई, त्या दिवशी मोठ्या चौकातल्या हॉटेलातून दोन डबे बांधून घेऊन आली. तीन वाजता घामाघूम. आणि तू जेवून घोरत पडलेला."

गोंद्यानं काकूंच्या हातातली चिठ्ठी परत घेतली.

"माझ्याकडे आली फणफणत. म्हणाली, चिठ्ठी ठेवली होती त्याच्या त्या खेळण्यांत. आल्या आल्या मोजायला बसतो, तेव्हा दिसेल म्हटलं. मोजली मेल्यानं, आणि वाचली नाही! म्हटलं, मग जाऊन सांग की. तर म्हणाली, मी कशाला सांगू? पकडू दे त्याला. बघू किती दिवस लागतात." काकू हसता हसता थांबल्या. "दोन्ही डबे आम्ही दोघींनी संपवले. चांगलं होतं हो जेवण. तुझ्या वाटणीचंही मीच खाल्लं. खोटं कशाला बोलू!"

"हो," गोंद्या म्हणाला. पण या वेळचा 'हो' सामान आणायला सांगितल्यावरचा नव्हता, असं काकू अजून शपथेवर सांगतात. काकूंच्या शपथेचं सोडा.

"बस आता जेवायला. निवतंय."

"आत्ता नको."

"का रे?"

"ताईनं सांगितलंय, जेवू नकोस म्हणून."

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. अशा वेळी त्यांच्याकडे निदान तीन वाक्यं तयार असतात. त्यांनी ताटावरचं झाकण सारखं केलं आणि दार ओढून घेतलं. जिन्यात कुणीतरी विचारलं, "काय म्हणतोय?" त्यावर काकू म्हणाल्या, "काही नाही," आणि खरंच पुढे काही बोलल्या नाहीत.

घड्याळात दोनला दहा कमी होते. गोंद्या टेबलापाशी बसला. समोर ताट, ताटाशेजारी चिठ्ठी, चिठ्ठीशेजारी अर्ज. मग त्यानं पेन घेऊन कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'वेळेवर वाचली नाही.' खाली सही केली. सोमवारी मॅडम म्हणाल्या, हे कारण छापलेल्यांत बसत नाही. आणि अर्ज तसाच मंजूर केला. पण ते सोमवारी.

शनिवारी तो नुसता बसून होता. वाट बघत नव्हता. कुणी येणार नाही हे त्याला चांगलं माहीत होतं. जेवतही नव्हता. अडीच वाजले. खाली कुणाचं तरी दार वाजलं, वर कुणीतरी खुर्ची सरकवली. त्यानं चिठ्ठी पुन्हा वाचली, मग पुन्हा, शिक्क्याखालची अक्षरंसुद्धा, एकेक करून.

तीन वाजले. तो उठला, मोरीपाशी गेला आणि हात धुतले. साबण लावून, नखांनी खरवडून, बराच वेळ. जन्माची म्हणून सोडून दिलेली साल दोन बोटांवरून निघाली. मग तो येऊन बसला आणि ताटावरचं झाकण काढलं.

जेवण गार झालं होतं. चांगलंच गार. ते त्याच्या बोटांना लागलं.